उद्घाटनापूर्वीचं पाणी

तहान माणसाला केव्हाही लागते, हा निसर्गातला एक गंभीर दोष आहे. आदिलाबाद शहरातल्या एका वॉर्डाने यंदा तो दूर करायचं मनावर घेतलं. उन्हाच्या लाटेपासून दुर्बळ नागरिकांचं रक्षण व्हावं म्हणून पाणपोई उभारली (बोर्डावर तेलुगूत चलिवेंद्रम), आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत कापल्याशिवाय कुणी पाणी पिऊ नये, अशी उत्तम शिस्त लावली.

रुक्माबाईंना हे नवं होतं. त्यांच्या लहानपणी याच जागी कडुनिंब होता आणि त्याखाली चांदबी नावाची म्हातारी रांजणाला ओलं पोतं गुंडाळून बसे. कुणीही यावं, पोटभर प्यावं. उद्घाटन न झालेलं ते पाणी पिऊन किती लोक दगावले, याची नोंद दुर्दैवाने सापडत नाही. इतरत्र रुक्माबाईंच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. आता तो भेदभाव संपला आहे: पाहुणे येईपर्यंत कुणालाच मिळत नाही.

कडुनिंब छतासाठी तोडला. सावली हवी तर जागा करावीच लागते. पत्र्याच्या त्या छताखाली पाहुण्यांच्या खुर्च्या, माइक आणि हार ठेवले (फुलं उन्हात कोमेजतात). म्हातारे, आजारी आणि गरोदर बायका यांना समोर उन्हात बसवलं, म्हणजे त्यांची गरज लांबूनही दिसावी. दुर्बळांची उपस्थिती शंभर टक्के होती.

ऊन डोक्यावर आलं तसे रुक्माबाईंचे शेजारी चंपतराव, हृदयाचे जुने रोगी, बसल्या जागी कलंडले.

"अरे नागेश, पानी आन लवकर!" रुक्माबाई ओरडल्या.

नागेश हा वॉर्डाचा कर्मचारी. "फीत कापाची हाय ना आजी. सायेब बेला गावाहून निघून राह्यले."

"मंग तूच काप!"

"माह्या हातानं कापलेलं चालते काय? त्यायले म्हना, जरा दम धरा."

"दमच तं सुटून राह्यला त्यायचा, मेल्या!"

रुक्माबाई फितीखालून वाकल्या, पदराचं टोक रांजणात बुडवलं आणि चंपतरावांच्या ओठांवर पिळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. घसा हलला. डोळे उघडले.

"गार हाय वो बाई," ते पुटपुटले.

मग रुक्माबाईंनी त्यांना ओढत पाहुण्यांच्या खुर्च्यांजवळ सावलीत आणलं.

अशा रीतीने योजनेचा पहिला लाभार्थी नियमबाह्य ठरला. रांजण गटारात उपडा करून टँकरच्या कढत पाण्याने पुन्हा भरण्यात आला (विटाळ म्हणून नव्हे, शिष्टाचार म्हणून). पाहुणे आले, त्यांनी फीत कापली आणि ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चंपतरावांना वारा घालताना रुक्माबाईंचा पदर नेमका पाहुण्यांच्या तोंडावर आलेला. तुम्हीही तो फोटो कूलरसमोर बसून पाहिलात, आणि म्हणालात, "कोण आहे हो ही बाई, मध्येच?"