आपल्यात नसलेले शिवरामकाका

"गुन्हेगार माझं नाव ऐकून आधी घाम पुसतो, मग कबुली देतो," असं रणजीतराव घोरपडे स्वतःबद्दल सांगतात. दिवसा ते तुर्भ्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. संध्याकाळी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत ते गुप्तहेर असतात. आजवर त्यांनी एकही गुन्हेगार पकडलेला नाही, पण त्यांच्या मते ही त्यांची दहशत आहे. मी तेजस, त्यांचा सहायक. त्यांच्या शेजारी राहतो, एवढाच माझा गुन्हा.

त्या सोमवारी ते सकाळीच दार वाजवत आले.

"तेजस, काल सभेत आपण अभ्यासिका बंद करायला हात वर केला?"

"केला."

"का केला?"

मी आठवून बघितलं. काहीच आठवेना.

तळमजल्यावरची ती अभ्यासिका म्हणजे आमच्या वन-बीएचके पोरांचा एकमेव आसरा. घरात टीव्ही, मिक्सर आणि आजोबांचं घोरणं, मग दहावीचं पोर वाचणार कुठे? आणि आम्ही पालकांनीच ती जिमला देऊन टाकली होती. सेक्रेटरी अरविंदने भाषण केलं, बायका रडल्या, आणि ठराव एकमताने पास! पुढच्या रविवारी तो कायम झाला की मशिनं येणार होती. मशिनं अरविंदच्या मेहुण्याची.

"हे संमोहन आहे," रणजीतराव कुजबुजले. "चहातून दिलंय."

खात्री करायला त्यांनी सभेला चहा आला होता त्या टपरीवरचा चहा लागोपाठ ढोसला. संमोहन झालं नाही, पित्त झालं. मग संशय माइकवर गेला. भाषण चालू असताना एक गूढ घूंऽऽ आवाज येत होता म्हणे. त्या आवाजाचा माग काढत आम्ही पाण्याच्या मोटरपाशी पोचलो.

"मग टाळ्या!" ते म्हणाले. "अरविंदने भाड्याची माणसं बसवलीत. पहिली टाळी कोणी वाजवली, तो सूत्रधार."

"तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःचे दोन्ही तळहात निरखून पाहिले. "म्हणजे त्यांनी माझ्यापर्यंत हात पोचवलेत," ते म्हणाले.

माझी बायको उज्वला सभेच्या दिवशी दिघ्याला लग्नात होती, म्हणून शुद्धीवर होती. अभ्यासिकेत पोरांना गणित तीच शिकवते आणि पोटासाठी विमा विकते. वाटाणे सोलता सोलता ती म्हणाली, "भाषण ग्रुपवर आलंय ना? लावा बघू."

मोबाईलमधून अरविंद बोलू लागला. "मी कोण? तुमचाच एक. वीस वर्षं तुमची सेवा करतोय..."

"हा विश्वास," उज्वला म्हणाली.

"आज माझे बाबा आपल्यात नाहीत. वेळीच व्यायाम केला असता तर..." इथे त्याचा गळा दाटला. पाठोपाठ रणजीतरावांचा आवाज आला, "शिवरामकाकांसाठी दोन मिनिटं उभं राहूया!" मग खुर्च्या सरकल्या.

"हे रडू. आता भीती येईल."

"उद्या तुमच्या घरात कोणाला झटका आला तर?"

"आली. आता 'सगळे करतात' म्हणेल."

"शेजारच्या सगळ्या सोसायट्यांत जिम आहे, आपणच मागे!"

"वहिनी, तुम्हाला आधीच कसं कळतं?" रणजीतराव उडालेच. "तुम्ही कटात आहात?"

"मी विमा विकते, भाऊजी. दिवसभर हेच करते. पण शेवटी पॉलिसी तरी देते! आता ऐका, कारण येईल."

आम्ही कान दिले. टाळ्या आल्या आणि भाषण संपलं.

"कारण कुठंय?" मी विचारलं.

"तेच तर," ती म्हणाली आणि वाटाण्यांकडे वळली. जरा वेळाने हात थांबवून म्हणाली, "आणि 'आपल्यात नाहीत' म्हणजे नक्की काय? आमच्याकडे यावर कोणी क्लेम देणार नाही. दाखला मागतात."

रविवारी सभेत ती उभी राहिली. "अरविंदभाऊ, जिमला आमचा विरोध नाही. पण अभ्यासिकेतच का? वरचा हॉल रिकामा आहे."

अरविंदने हात जोडले. "वहिनी, तुम्ही मला बहिणीसारख्या..."

"बरं. पण का?"

"बाबांची आठवण आली की..."

"बाबा कसे आहेत?"

"मजेत! कालच फोन..." अरविंद थांबला.

"जिवंत आहेत?" रणजीतराव ओरडले. "मग आम्ही उभे कोणासाठी होतो?"

"मी गेले म्हणालोच नाही," अरविंद पुटपुटला. "बाबा आपल्यात नाहीत, साताऱ्यात आहेत. व्यायाम नाही म्हणून गुडघे धरलेत, एवढंच. तुम्ही उभे राहिलात, मग मला अडवायला कसंतरी वाटलं. आणि वरच्या हॉलला लिफ्ट नाही हो. मशिनं जिन्याने चढवायला मेहुणा तयार नाही."

एवढंच कारण होतं. ते ऐकून लोक हसले आणि ठराव पडला. मशिनं मेहुण्याकडेच राहिली. रणजीतरावांनी "प्रकरण मी उघडकीस आणलं" असं जाहीर केलं आणि समोसे संपवायला गेले.

खुर्च्या उचलताना अरविंद उज्वलाजवळ आला. तो मान खाली घालून उभा होता.

"वहिनी, आमच्या सोनमचं गणित कच्चं आहे. अभ्यासिकेत पाठवू? घरी माझी बडबड चालू असते, तिचं मन लागत नाही."

"पाठवा की. पण सांगून ठेवते, इथं पोरांना प्रत्येक पायरीला 'का?' विचारायची सवय लागते. ती घरीही येईल."

अरविंदने भाषणासाठी घेतात तसा लांब श्वास घेतला. मग तो तसाच सोडला.

"येऊ दे," तो म्हणाला.