भांडायला माणूस पाहिजे

"माझ्याशी भांडता का?"

मुलीच्या बारावीसाठी नांदेडहून बदली मागून आम्ही लातूरला आलो, त्या दिवशी शेजारच्या बिराजदार सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी ट्रकमधून गादी उतरवत होतो, ती हातातून सुटली. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला विभूती, चेहऱ्यावर सोयरीक घेऊन आल्यासारखा आनंद आणि तोंडात हे! "दुसरं घर बघायचं का?" बायको हळूच म्हणाली.

सर आयटीआयमधून निवृत्त झालेले, घरात एकटेच. भांडण म्हणजे विमानांचं, हे मला दोन दिवसांनी कळलं. हलक्या लाकडाची, रिमोटवर उडणारी विमानं ते स्वतः बनवत. प्रत्येक विमानाच्या शेपटीला कागदाची लांब पट्टी. हवेत एकमेकांच्या मागे लागायचं आणि दुसऱ्याची पट्टी कापायची. संक्रांतीचे पतंग कापतात तसंच, पण मांजाशिवाय. अडचण एवढीच की अख्ख्या लातुरात हा खेळ खेळणारे सर एकटेच होते.

म्हणून माणसं गाठणं चालू. दूधवाला, दातांचे डॉक्टर, वरातीतला बँडवाला, कोणी सुटला नाही. विमान तेच देणार, शिकवणारही तेच. "बिनधास्त कापा हो! मोडलं तर दुसरं करू." एकदा तर त्यांनी क्लासच्या जाहिरातींच्या गर्दीत स्वतःची पाटी लावली: 'विमानांची लढाई शिका. वैयक्तिक लक्ष.' दुसऱ्या दिवशी दारात पालकांची रांग! अहमदपूरहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "सर, याचे मेडिकलला किती मार्क धरतेत?" धरत नाहीत म्हटल्यावर रांग पांगली. त्या गृहस्थांना मात्र सर "तुम्ही तरी भांडा की!" म्हणत एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले.

खरा धक्का बसला पुढच्या रविवारी. सरांनी सकाळी ओट्यावर विमानाचं इंजिन सुरू केलं. घर्रर्र! भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती, पण लातूरकरांचे कान काही विसरले नव्हते. मिनिटभरात अख्खी गल्ली रस्त्यावर आली. एकाची अर्धीच दाढी झालेली, एकीच्या हातात लाटणं. आमची मुलगी फिजिक्सच्या नोट्स छातीशी धरून सगळ्यांच्या आधी पळाली. आई-बापाला हाकसुद्धा मारली नाही! मी बघतच राहिलो. सर सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं, माफ करा. पण समदे बाहेर आलातच, तर कोणी भांडता का?"

लोक त्यांच्या अंगावर धावून जायचेच बाकी होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "मी भांडतो, सर."

महिनाभरात मुरुडच्या वाटेवरच्या पडीक रानात मी तीन विमानं मातीत घातली. सर दर वेळी "लई भारी!" म्हणत तुकडे गोळा करायचे. मग एका संध्याकाळी मी विमान उजवीकडे वळवायला गेलो, ते डावीकडे गेलं आणि सरांची पट्टी कापूनच पुढे निघालं. मी हबकलो. आता हे काय म्हणतात!

"हरलो!" सर ओरडले. "हरलो हो मी!" त्यांनी आपलं विमान नीट उतरवलं, तिथंच ढेकळांत बसले आणि रडायला लागले.

मी माझं विमान कसंबसं उतरवलं. त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"त्या साली गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या," ते म्हणाले, "अन् त्यांच्या जागेवर मी विमान वाळत ठेवलं. ही म्हणली, आत्ताच देवी उठल्यात, काढा ते. मी म्हणलो, जागा रिकामीच हाय की. लई भांडलो. शेवटी माझंच खरं केलं. ही रुसून माहेरी गेली, किल्लारीकडं. ती तिथं असतानाच भूकंप झाला."

कापलेली पट्टी त्यांनी उचलली, माती झटकली आणि घडी करून खिशात ठेवली.

"तवा एकदा हरलो असतो, तर काय बिघडलं असतं हो माझं?"

मी दोन्ही विमानं उचलली. अंधार पडता पडता आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या दारात गेलो. कडी वाजवली आणि म्हणालो, "सर, माझ्याशी भांडता का?"