डबीतला वाघ

"पोरगी हसत न्हाई म्हंजे काय? आज केजला जातो, अन् असं एक मशीन आणतो का पोरगी पोट धरून हसंल!"

धर्मराजनं ही गर्जना केली तेव्हा केशरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"तुमाला मशिनीतलं काय कळतंय?"

"मला? अगं, दूध संस्थेचं फॅट मोजायचं मशीन कुणी पारखून आणलं? सगळी कमिटी गप बसलती. म्याच बोट ठिवलं, म्हणलं, हेच घ्या!"

"व्हय. अन् ते पाण्याला बी फॅट दावतंय."

धर्मराजला हे ऐकू आलं नाही. केशरबाईच्या बोलण्यातलं नेमकं कुठलं वाक्य ऐकू येऊ द्यायचं नाही, हे त्याच्या कानांना इतक्या वर्षांच्या संसारात चांगलं कळायला लागलं होतं.

ते दुष्काळाचं साल होतं. विहिरीत बादली सोडली तर वर नुसती खडखड यायची. गावच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. ट्रक भरून उसाचं वाढं यायचं, त्यावर जनावरं तग धरून होती आणि जनावरांच्या आधारानं माणसं. धर्मराजही आपली म्हैस, दोन गाई आणि एक वासरू घेऊन तिथंच पाल ठोकून राहिला होता. केशरबाईचा दिवस गावात टँकरच्या रांगेत जायचा. म्हणून चार वर्षांची नात, काशी, आजोबाबरोबर छावणीत.

काशीचे आईबाप, रामहरी आणि सावित्री, ऊसतोडीला गेले होते. मागच्या खेपेला पोरगी फडावर तापानं फणफणली होती, म्हणून या वर्षी तिला मागं ठेवली. रडून गोंधळ घालील म्हणून ती झोपेत असतानाच ट्रक हलला. सकाळी काशी उठली. घरभर फिरली, दारामागं बघितलं, आणि मग गप्प झाली. रडली असती तर बरं झालं असतं! पण ती रडेना, हसेना, बोलेना. भाकरीचा तुकडा हातात दिला तर संध्याकाळपर्यंत तसाच हातात. छावणीत सगळ्यांनी प्रयत्न करून बघितले. धर्मराजनं स्वतः घोडा होऊन बघितलं. घोड्याचं कंबरडं दोन दिवस धरलं, पण पोरगी पाठीवर नुसती बसून राहिली, देवळातल्या मूर्तीसारखी.

तर असा हा धर्मराज जीपच्या टपाला धरून केजला पोचला आणि बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात शिरला.

"लेकराला गप करायचं मशीन दावा," धर्मराज म्हणाला. असलं तर मला बी द्या, असं दुकानदार म्हणाला असता, पण धर्मराजनं लगेच सुधारून घेतलं, "न्हाई न्हाई! गप तर ती हाईच. बोलतं करायचं दावा!"

दुकानदारानं आधी एक प्लास्टिकचा मोबाईल काढला. बटण दाबलं की आतली बाई इंग्रजीत काहीतरी विचारायची. धर्मराजनं दोनदा "काय म्हणली?" असं विचारलं, बाईनं दोन्ही वेळा तेच सांगितलं.

"ठिवा ती. आमच्या घरात आमचं न ऐकणारी एक बाई हाय."

मग निघाला विटा पडायचा गेम. वरून विटा पडतात, त्या फिरवून खाली नीट रचायच्या. "मामा, आधी खेळून बघा," असं दुकानदार म्हणाला, आणि तिथंच चूक झाली! धर्मराजनं डबी हातात घेतली. पहिली वीट वाकडी बसली. दुसरी त्यापेक्षा वाकडी. मग त्याला जोर चढला. तो बाकड्यावर बसला, पटका काढून मांडीवर ठेवला. बाहेर जीपवाला गावाचं नाव घेऊन ओरडला, निघून गेला. दुसरा ओरडला, तोही गेला. दुकानदारानं जेवणाचा डबा खाऊन हात धुतले.

"मामा, नातीसाठी घ्यायचंय ना?"

धर्मराज दचकला. "हे नको! हे न्हेलं तर म्हशीची धार कोण काढंल?"

शेवटी त्याची नजर एका लाल डबीवर गेली. तळहाताएवढी. वर बटणं, प्रत्येक बटणावर एक जनावर. गाय दाबली की गाय हंबरते, कोंबडा दाबला की आरवतो. कुत्रं, शेळी, वासरू, आणि कोपऱ्यात एक ऐटबाज वाघ.

"हेच!" धर्मराजनं बोट ठेवलं. अगदी फॅटच्या मशिनीवर ठेवलं होतं तसं.

"पोरगी राहती कुटं, मामा?"

"छावणीत. जनावरात."

दुकानदारानं डोकं खाजवलं. "मग तिला जनावराचा आवाज इकत कशाला न्यायलाव?"

हा प्रश्न धर्मराजला जीपमध्ये बसल्यावर कळला. तोवर जीप बरीच पुढं आली होती.

छावणीत येऊन त्यानं काशीपुढं डबी धरली. "बघ बरं, कोण बोलतंय!" आणि गायीचं बटण दाबलं. डबी हंबरली. आजूबाजूच्या गाईंनी माना वर करून बघितलं. काशीनं नाही. कोंबडा आरवला, कुत्रं भुंकलं. वासराचं बटण दाबलं तेव्हा मात्र शेजारची गाय दावं ताणून अशी ओरडायला लागली की तिच्या मालकानं येऊन हात जोडले, "आबा, बंद करा! हिचं वासरू गेल्या म्हैन्यात गेलं. तिला वाटलं, ते आलं." धर्मराजनं गुपचूप डबी काशीच्या मांडीवर ठेवली आणि म्हशीच्या आडोशाला जाऊन बसला. गुडघ्यात डोकं घातलं. आता काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. कमिटीत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छावणीत तपासणी होती. तालुक्याहून साहेब येणार, जनावरं मोजणार. संस्थेचे चेअरमन मोहनराव सकाळपासून धावत होते. त्यांनी इस्त्रीची टोपी घातली होती आणि दर चार पावलांवर ती नीट करत होते.

"ज्येनं त्येनं आपल्या जनावरापाशी हुबं ऱ्हायचं! कुणी वरडायचं न्हाई! सायबापुढं सगळं कसं शांत पायजे!"

काशी अजून झोपली होती. डबी कुणी उचलून नेऊ नये म्हणून धर्मराजनं ती बंडीच्या खिशात टाकली. साहेब आले. पांढरीशुभ्र पँट, नाकाला रुमाल. एकेका जनावराकडं पेनानं बोट दाखवत, ओठातल्या ओठात मोजत धर्मराजपुढं आले.

धर्मराजनं अदबीनं वाकून नमस्कार केला. खिशातली डबी पोट आणि गुडघा यांच्यामध्ये दाबली गेली.

आणि धर्मराजच्या पोटातून वाघानं डरकाळी फोडली!

साहेब जागच्या जागी उडाले. धर्मराजनं घाईनं डबीवर हात मारला, पण बटणाच्या खाचेत वाढ्याचा भुसा गेला होता, ते आत जे बसलं ते वर येईना. डरकाळीमागून डरकाळी! एका म्हशीनं दावं तोडलं. तिचं बघून दुसरीनं. मग सगळ्या छावणीनं दुसरा विचारच केला नाही. खुंटे उपटले, पालं आडवी झाली, धुळीत काही दिसेना. त्यात कुणीतरी बोंबललं, "बिबट्या! पळा, बिबट्या आलाय!" मोहनराव एवढ्या देहाचा माणूस, पण छावणीत उभ्या असलेल्या टँकरच्या शिडीवरून कसे सरसर चढले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. टोपी खालीच राहिली. साहेब वाढ्याच्या गंजीवर चढले आणि थेट शेंड्यावर जाऊन बसले.

धर्मराज बिचारा काय करणार? त्यानं डबी गंजीत कोपरापर्यंत खुपसली. आता डरकाळी साहेबांच्या बुडाखालून येऊ लागली.

"अरे, इथंच आहे! माझ्या खाली आहे!" साहेब किंचाळले.

आणि तेवढ्यात धर्मराजला एकदम आठवलं. काशी! पोरगी पालात झोपली होती!

मग त्याला साहेब दिसले नाहीत, वाघ ऐकू आला नाही. उधळलेल्या जनावरांतून तो म्हातारा असा पळाला की एका गाईनंच बाजूला होऊन त्याला वाट दिली. पाल आडवं पडलं होतं. त्यानं कापड उचललं. गोधडी होती, पोरगी नव्हती.

"काशे! ए काशे! माझ्या बाये, कुटं हायेस?"

तो धुळीत मटकन बसला. रामहरीला काय सांगू? सावित्रीला कुठल्या तोंडानं सांगू?

धूळ जराशी खाली बसली. सगळ्या छावणीत एकच म्हैस जागेवर उभी होती, धर्मराजची. ती रवंथ करत होती. आणि तिच्या पोटाखालून, वासराच्या गळ्यात हात टाकून, काशी बाहेर आली. केसात भुसा, अंगाला शेण, पण कुठं ओरखडाही नाही! आजोबाकडं न बघता ती सरळ गंजीकडं गेली. हात आत घालून चाचपलं, डबी ओढून काढली आणि तिच्या बगलेतलं एवढंसं बटण सरकवलं. वाघ गप्प झाला.

डबीच्या बगलेला बटण आहे हे धर्मराजला माहीतच नव्हतं. आदल्या दिवशी तो म्हशीआड तोंड लपवून बसला होता, तेव्हा पोरीनं सगळी डबी चाचपून ठेवली होती.

आडव्या पालांमागून माणसं डोकावायला लागली.

"वाघ... वाघ कुठंय?" वरून साहेबांनी विचारलं.

काशीनं डबी उंच धरली. "ह्यो काय!"

मग तिनं साहेबांकडं नीट बघितलं. रुमाल कानाला अडकलेला, एक बूट गायब, पांढरी पँट हिरवी. पोरीचे गाल फुगले, ओठ थरथरले आणि ती खुदकन हसली.

"आबा! सायेब बघ, कावळ्यावानी बसलाय!"

किती दिवसांनी तो आवाज! धर्मराजनं तिला उचललं आणि डोकं तिच्या भुशानं भरलेल्या केसात घातलं. साहेब रागवायच्या बेतात होते. पण खाली एक म्हातारा रडतोय, त्याच्या कडेवरची पोरगी हसतेय, आणि चेअरमन टँकरवरून "सायेब, जरा हात देता का? उतरता येईना!" असं विचारतायत, अशा वेळी कोण रागावणार? गंजीवर बसूनच ते हसायला लागले.

इकडं गावात बातमी पोचली होती. छावणीतून बातमी निघाली तेव्हा बिबट्या नुसता आला होता. ओढ्यापाशी त्यानं दोन गाई नेल्या आणि टँकरच्या रांगेपर्यंत येता येता धर्मराजला खाऊन मोकळा झाला! केशरबाई घागर तिथंच टाकून अनवाणी धावत निघाली. येऊन बघते तर नवरा धडधाकट उभा!

"जित्ते हायेत व्हय तुमी?" ती धापा टाकत ओरडली. "अन् तिकडं माझा नंबर गेला की! आज पाणी काय तुमचा वाघ भरणार हाय का?"

"आज्जे, सायेब कावळा झालता!" काशी म्हणाली.

केशरबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ती खाली धुळीतच बसली, पदर डोळ्याला लावला.

"बोलली?"

"हसली बी," धर्मराज म्हणाला.

"मंग गेला नंबर तर जाऊ द्या."

जनावरांचं म्हणाल तर ती चाऱ्याच्या वेळेला आपल्या पायानं परत आली. साहेबांनी पुन्हा मोजलं तेव्हा एक जनावर जास्त भरलं. कुणाचा तरी मोकाट वळू गर्दीत सामील होऊन वाढं खात उभा होता. त्याला घालवायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी दूध संस्थेच्या फोनवर रामहरी-सावित्रीचा फोन आला. मोहनरावांनी धर्मराजला निरोप धाडला. आजी, आजोबा आणि नात तिघंही ऑफिसात हजर झाले. सावित्री तिकडून काकुळतीनं म्हणत होती, "काशे, बोल की गं माय. येकदा बोल."

काशीनं फोन कानाला धरला. मग खिशातून डबी काढली, फोनच्या तोंडाशी नेली आणि बटण दाबलं.

"अगं बया, गाय!" सावित्री म्हणाली.

दुसरं बटण. "कोंबडा!" तिसरं. "कुत्रं!" आवाज असा खणखणीत की सगळ्या ऑफिसला ऐकू येत होता. मग काशीनं वासराचं बटण दाबलं. मोहनरावांना वाटलं, लाईन तुटली.

"वासरू हाय," सावित्री म्हणाली. "आईला हाक मारायलंय."

"आई," काशी म्हणाली. "मला उठवायचं की गं."

"चुकलं, माय. पुन्यांदा न्हाई जाणार तशी. सांगून जाईन."

"बरं." काशीनं नाक पुसलं. सगळ्यांनीच पुसलं. "आता ह्ये वळख!" असं म्हणून तिनं वाघाच्या बटणावर अंगठा ठेवला. डरकाळीनं ऑफिसच्या खिडक्या थरथरल्या, धर्मराजची छाती अभिमानानं फुगली. मशीन कुणी पारखलं होतं?

पलीकडं सावित्री खळखळून हसली.

"हे तर काय, आबा घोरायलेत!"

ऑफिसात कुणी कुणाकडं बघेना. मोहनरावांनी टोपी नीट केली. केशरबाई मात्र पुढं वाकून फोनमध्ये म्हणाली,

"बराबर वळखलंस!"