सव्वीस वर्षांचा खोकला

कायद्यातून फायदा काढणारा माणूस आमच्या कारखान्यात एकच. मी!

बाकीच्यांनी नोटीस बोर्डावर लटकवलेलं नव्या कायद्याचं बाड पाहिलं आणि जांभई दिली. मी मात्र चष्मा पुसून चाळीसच्या चाळीस पानं वाचली. म्हणजे, पहिलं पान सोडून. पहिल्या पानावर नेहमी तत्त्वं असतात, आणि तत्त्वांवर बसता येत नाही. मला हवी होती खुर्ची! फिरणारी, मान टेकवता येणारी, साहेबांच्याही वरताण!

कायदा नवा कोरा होता. राज्यानं नोकरीच्या नियमांत बदल केला होता. कामगाराला शरीराची, वयाची, कसलीही अडचण असेल, तर मालकानं त्याच्याशी बसून बोलायचं आणि वाजवी सोय करून द्यायची. सोय मागितली म्हणून डूख धरायचा नाही, आणि मागणी ऐकून हसायचं तर मुळीच नाही. म्हटलं, वा! इतके दिवस कुठे होतास, बाबा?

आमचा कारखाना शिवणाच्या दोऱ्यांचा. मी रंगजुळणीत. कपडे शिवणारे कापडाची चिंधी पाठवतात, मी तिच्या रंगाचं रीळ काढून देतो. सव्वीस वर्षांत एक रीळ चुकलेलं नाही. लोक मला ‘गरुड’ म्हणतात!

आता जवळ या, एक गुपित सांगतो. गरुडाला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो मला सख्खे जुळे वाटतात.

मग नोकरी टिकली कशी? शेजारच्या टेबलावरच्या रीळबाईंमुळे! पहिल्याच आठवड्यात मी लाल चिंधीला हिरवं रीळ लावायला निघालो, तेव्हा बाई खोकल्या. मी हात मागे घेतला. बाईंनी ओळखलं, मीही ओळखलं, आणि एक अक्षर न बोलता करार झाला. फळ्यांवर रंगांची नावं लिहिलेली होतीच, चिंधीचा रंग तेवढा बाई सांगायच्या. एकदा खोकल्या की लाल. दोनदा, हिरवा. नुसता घसा खाकरला की तपकिरी. तीनदा खोकून वर एक शिंक आली की कुसुंबी! बदल्यात वरच्या फळीवरची खोकी मी काढून द्यायची, कारण बाईंची उंची पायरीवर उभं राहूनही पायरीएवढीच.

तर खुर्ची! कायद्यासाठी नेमलेली तरुण अधिकारी आमच्या खात्यात आली. आम्ही तिचं नाव ‘कायदेवाली’ ठेवलं होतं. पोरगी गोड, पण कायद्याच्या बाबतीत एकदम कडक.

“काका, तुम्हाला काय त्रास होतो?”

“पाठ, बाई, पाठ!” मी असा काही विव्हळलो की शेजारच्या टेबलावरची दोन रिळं घरंगळली.

“काय सोय हवी?”

मी खुर्चीचं वर्णन केलं. तिनं फॉर्मवर लिहून घेतलं. हसली नाही! कायदाच तसा होता. मी स्वर्गात पोचलो. तेवढ्यात नवी चिंधी आली, आणि बाई सवयीनं दोनदा खोकल्या.

कायदेवालीनं मान वळवली. “मावशी, हा खोकला कधीपासून आहे?”

बाई रिळं आवरू लागल्या. मीही बोलायला नको होतं. पण स्वर्गात पोचलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं!

“सव्वीस वर्षं!” मी अभिमानानं सांगितलं. “एक दिवस खाडा नाही!”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. “सव्वीस वर्षं? या धाग्यांच्या धुळीत? आणि कुणी विचारलं नाही?”

“अगं पोरी, मला काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“मग खोकता कशाला?”

आता काय सांगणार? खरं सांगितलं तर माझी नोकरी गेली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दोरा असतो तर जळून गेलो असतो. मग त्या पडेल आवाजात म्हणाल्या, “जुनाच आहे. सवयीचा.”

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची आली, आणि बाई गेल्या! हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या बंद खोलीत. तोंडाला मास्क, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. दर दोन तासांनी वीस मिनिटं विश्रांती. बाई काचेआडून एखाद्या दुर्मिळ माशासारख्या दिसत होत्या. आणि मी राजासारखा खुर्चीत बसून समोरच्या चारशे रिळांकडे पाहत होतो. सगळी एकाच आईची लेकरं!

पहिली चिंधी मी हरवली. दुसरीवर चहा सांडला. तिसरी घेऊन काचेपाशी गेलो आणि खाणाखुणा केल्या. बाई मास्कमध्ये खोकल्या असतील तर देव जाणे, मला काच तेवढी धुरकट होताना दिसली. इतक्यात कायदेवाली धावत आली. “काका, मावशींना त्रास देऊ नका! विश्रांतीची वेळ आहे!”

मग मी डोकं चालवलं. दुसरा फॉर्म मागवला.

“आता काय अडचण आहे, काका?”

“मला…” मी घाम पुसला. “मला कुणी खोकत असल्याशिवाय काम सुचत नाही.”

दुसरी कुणी असती तर जमिनीवर लोळून हसली असती. पण हसायला कायद्यानं मनाई! तिनं गंभीरपणे लिहून घेतलं. “सव्वीस वर्षांची सवय. शांततेत अस्वस्थ वाटतं. समजू शकते, काका. करू सोय.”

मला वाटलं, बाई परत येतील. आला तो गेटवरचा वॉचमन! अहो, हा माणूस विडीवर विडी ओढून आतून इंजिन झालेला! त्याला माझ्याशेजारी स्टूल देऊन बसवला. “खोका,” कायदेवाली त्याला म्हणाली. त्या हुकुमाची त्याला गरजच नव्हती.

नेमकी तेव्हाच मोठी ऑर्डर आली. पहारेकऱ्यांचे चारशे गणवेश. कापड कोणत्या रंगाचं ते मला काय माहीत! मी वॉचमनकडे पाहिलं. तो खोकला. एकदा. माझा हात आपोआप लाल फळीकडे गेला. सव्वीस वर्षांची सवय हो! तो परत खोकला. म्हणजे दोनदा? हिरवा? मी हात वळवला. तो तिसऱ्यांदा खोकला आणि शिंकला. कुसुंबी? मग चौथा, पाचवा, सहावा… असा रंग इंद्रधनुष्यालाही झेपला नसता!

“अहो, जरा थांबा ना!”

“थांबलो तर सोय बंद होईल ना, साहेब!” तो धापा टाकत म्हणाला.

शेवटी मी पहिला खोकला प्रमाण मानला. गाडी भरून लाल दोरा रवाना झाला. शिवणाऱ्यांचा बिचाऱ्यांचा फोनही आला, “हाच दोरा वापरायचा ना नक्की?” मी ठणकावलं, “गरुडाला विचारता? शिवा!”

कापड होतं शेवाळी हिरवं. चारशे पहारेकरी कामावर हजर झाले, ते नुकतेच ऑपरेशन करून, टाके घालून आणल्यासारखे!

मालकांनी बोलावलं. टेबलावर तो गणवेश पसरलेला. कायदेवाली बाजूला उभी. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. आता घरी बायकोला काय तोंड दाखवू?

“बोला!” मालक गरजले.

मी तोंड उघडणार तोच दार ढकलून रीळबाई आत! मास्क हनुवटीवर, हातात थर्मास. “त्यांना काय विचारता? त्यांना लाल-हिरवा दिसत नाही! मी खोकून सांगत होते! काढायचं तर मलाही काढा!”

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी खुर्चीचं, पाठीचं, सगळंच कबूल केलं.

“अहो काका,” कायदेवालीनं कपाळाला हात लावला, “पहिल्या पानावरच लिहिलंय! खरी अडचण सांगितली म्हणून कुणाला काढता येत नाही. डोळ्यांची अडचण सांगितली असतीत तर पहिल्याच दिवशी सोय झाली असती!”

मी मालकांकडे पाहिलं. ते गणवेश उचलून खिडकीपाशी गेले, उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. मग कायदेवालीला पाणी आणायला पाठवलं, दार लावलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले,

“एक सांगाल? त्या गिऱ्हाइकानं सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. याच्यात चूक काय आहे?”

म्हणजे मालकही गरुडच निघाले! ते आणखी खालच्या आवाजात म्हणाले, “तो फॉर्म… एखादा उरलाय का?”

“मालक, हा कायदा नोकरांसाठी आहे. मालकांना लागू नाही.”

मालकांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची दया आली! मागून बाई खोकल्या. या वेळी मात्र खुणेचं काही नव्हतं, हसू आवरत होत्या.

तर आता रीळबाई मालकांच्या केबिनमध्ये बसतात. पगार दीडपट, आणि खोकला फक्त गिऱ्हाईक समोर असताना. माझी नोकरी शाबूत आहे. रीतसर सोय म्हणून मला एक यंत्र मिळालं. कशावरही टेकवा, रंगाचं नाव मोठ्यानं सांगतं. हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं!

पहिल्या दिवशी सगळं खातं जमलं होतं. मी ऐटीत यंत्र उचललं आणि गंमत म्हणून माझ्याच शर्टावर टेकवलं. हा माझा करडा शर्ट. भारदस्त दिसावं म्हणून मी तसलेच घेतो, एकाच ठाणातून सहा-सहा.

“गुलाबी!” यंत्र ओरडलं.

घरी जाऊन बायकोला विचारलं, “अगं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

ती कणीक मळता मळता म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला आवडतो! म्हटलं, माणसाची एखादी हौस असते, सांभाळून घ्यावी.”