पोर हाय, पोतं न्हाई

कामशेत–पवनानगर वडाप जीप चालवणाऱ्या सोपानआबांसमोर कुणी लहान पोराला काखेत हात घालून उचललं, की संपलंच. जीप भरलेली असो, मागून एसटी हॉर्न मारत असो, आबा खाली उतरणार आणि त्या आईबापांची शिकवणी घेणार. एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे. "पोर हाय, पोतं न्हाई." धरणावर तंबूत राहायला आलेल्या एका साहेबाला त्यांनी पोर खाली ठेवून पुन्हा उचलायला लावलं होतं.

या वेडाचं मूळ त्यांची नात, ईश्वरी. जन्मतःच तिच्या हृदयात छिद्र होतं, फुप्फुसाकडची वाटही अरुंद. तान्ही असतानाच छाती उघडून शस्त्रक्रिया झाली आणि छातीचं हाड जुळेपर्यंत काखेतून उचलू नका, असं नर्सने बजावलं. हाड केव्हाच जुळलं, पोरगी शाळेत पळू लागली, पण आबांनी तो नियम अख्ख्या मावळाला लावला. मी शेजारी राहायचो तेव्हा हसायचो. आता तळेगावच्या फ्लॅटमध्ये असं हक्काने रागावणारं कुणी नाही, याची फार चुटपुट लागते.

मग ईश्वरीला धाप लागू लागली. दुरुस्त केलेली वाट पुन्हा आकसली होती. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन आत फुगा फुगवू, वाट रुंद होईल; नाहीच झाली तर पुन्हा छाती उघडावी लागेल. आबांना हे पटेना.

"काळीज वर, आन् शिरायचं मांडीतनं? कामशेतवरनं शेजारच्या कान्ह्याला जायला कुनी पवनानगरवरनं जातं का?"

डॉक्टर म्हणाले, रस्ता लांबचा आहे, पण खड्डे नाहीत. मावळातल्या ड्रायव्हरला आणखी काय सांगायचं?

फुगा फुगवायच्या दिवशी मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो. आबा वॉर्डबाहेरच्या बाकावर उताणे पडलेले, उजवा पाय ताठ. पायात गोळा आला असेल म्हणून चोळायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"नळी काढलीय. तिनं पाय वाकवायचा न्हाई, रगत येतं म्हनं. पोरगी तितं तशी पडलीय, मग मी कसा वाकवू?"

डब्याला त्यांनी हात लावला नाही. दुपार कलल्यावर सून बाहेर आली. ईश्वरी उठून बसली होती, बिस्किट मागत होती.

"आन् छाती?" आबांनी पडल्या पडल्याच विचारलं.

"न्हाई उघडायची, आबा. फुग्यानं काम झालं म्हनले डॉक्टर."

"मग मी उठू का आता?" असं म्हणून आबा रडायला लागले.