चेंडूची भूक

हार्डेनशॉ फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना सोमवार ते शुक्रवार चेंडू दिसू नये, अशी चोख व्यवस्था होती. आठवडाभर उपाशी ठेवलं की शनिवारी खेळाडू चेंडूवर तुटून पडतो, हे शास्त्र संचालक मंडळाने एकमताने स्वीकारलं होतं. मंडळातल्या एकानेही जन्मात चेंडूला पाय लावलेला नसल्याने मतभेदाला वाव नव्हता. चेंडू असायचा प्रशिक्षक क्लेग यांच्या कपाटात, कुलपात. खेळाडूंनी मैदानाला फेऱ्या घालाव्यात आणि भूक वाढवावी.

डाव्या बगलेवर खेळणारा इनॉक रॅमस्डेन कोळशाची खाण सोडून इथे आला, तो रोज चेंडू मिळेल या आशेने. पाय बोथट होत चालल्याचं त्याला कळत होतं आणि जीव तीळ तीळ तुटत होता.

"क्लेगसाहेब, अर्धा तास तरी द्या ना."

"आणि शनिवारी पोट भरलेलं असेल, त्याचं काय? चल, पळ!"

शेवटी त्याने घरामागच्या बोळात कोबीच्या गड्ड्यावर सराव सुरू केला. बायको एफी दारात आली. "कोबी लाथाडून संपवलास, आता रश्श्यात काय घालू? तुझे बूट?"

तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत क्लेगपर्यंत पोचला. खेळाडूने अवेळी खाल्लं, असा मंडळाने निष्कर्ष काढला आणि त्याला शनिवारच्या सामन्यातून वगळलं. उपास मोडला म्हणून पुढच्या शनिवारीही वगळलं. मग अध्यक्षांच्या ध्यानात आलं की इनॉकची भूक आता साऱ्या लँकेशर परगण्यात सर्वांत मोठी असणार. ती किरकोळ सामन्यांवर उधळणं बरं नव्हे. सबब ती चषकाच्या सामन्यासाठी राखून ठेवण्यात आली.

तो सामना हिवाळा सरताना आला. गोलरक्षक चिखलात आडवा, समोर मोकळा गोल, आणि चेंडू थेट इनॉकच्या पायाशी. इनॉकने तो दोन्ही हातांनी उचलला, उराशी धरला आणि ढसाढसा रडला.

सामना गेला. भूक कमी पडली, असं चौकशीत सिद्ध झालं.

पुढे क्लेग निवृत्त झाले. उपासाचा दांडगा अनुभव म्हणून कपाटाची किल्ली इनॉकला मिळाली. पहिल्याच सोमवारी त्याने कपाट उघडलं आणि चेंडूवरून मायेने हात फिरवला. मागे नवा खेळाडू पर्सी उभा होता.

"साहेब, अर्धा तास तरी..."

"शनिवारी," इनॉक म्हणाला आणि कुलूप लावलं. "आम्ही नाही काढले दिवस?"

हार्डेनशॉची माणसं जात्याच खुळी, असं वाचकांना वाटेल. खुशाल वाटू द्या. फक्त परीक्षा होईपर्यंत म्हणून तुम्ही कपाटावर ठेवलेला मुलाचा चेंडू एकदा खाली काढून पाहा. त्याने तो मागणं केव्हाच सोडलं असेल.