गेणूभाऊंची उघड्यावरची गोळी

गेणूभाऊ गोळी घ्यायच्या आधी घराचं दार सताड उघडायचे आणि साक्षीदार शोधायचे.

भोसरीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. सकाळी कामावर निघायच्या आधी हा माणूस ओट्यावर उभा राहणार, दोन बोटांत पांढरी गोळी धरून उंच करणार आणि जो दिसेल त्याला हाक मारणार. ‘बघा हो. एकच हाय. डॉक्टरच्या चिठ्ठीची हाय.’ समोरच्यानं मान हलवली की मगच गोळी तोंडात. संध्याकाळी पुन्हा तेच. चाळीतलं कोणी दिसलं नाही तर दूधवाला चालायचा, बांगड्या विकणारी बाई चालायची. एकदा गावाला जाताना त्यांनी एसटीत कंडक्टरला गोळी दाखवली. कंडक्टर म्हणाला, ‘तिला तिकीट लागत नाही.’

‘चोरून खातो तो व्यसनी,’ असं गेणूभाऊंचं म्हणणं. ‘आपलं सगळं उघड्यावर.’

वर्कशॉपात प्रेस मशीनची जड लोखंडी डाय उचलताना त्यांची कंबर गेली होती. डॉक्टरांनी गोळी दिली, तिच्या जोरावर ते उभे राहिले, आणि मग वर्षानुवर्षं तिच्याच जोरावर उभे होते. गोळीत अफूच्या जातीचं काहीतरी असतं असं कंपाउंडर कुठंतरी बोलला. चाळीला तेवढं पुरलं. आमची बायको हौसा त्यात सगळ्यांच्या पुढं. भर नळावर विचारायची, ‘काय भावजी, आज किक बसली का?’ गेणूभाऊ चिडायचे नाहीत. ‘वहिनी, आधी साक्षीला या, मग बोला,’ म्हणायचे. आज हौसा असती तर हे सगळं तिनंच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा चांगलं आणि जास्त शिव्या घालून.

मग शकूचं लग्न निघालं. शकू म्हणजे गेणूभाऊंची एकुलती एक लेक, आईविना वाढवलेली. चाकणकडचं स्थळ, मुलगा कंपनीत, शकूला मनापासून पसंत. सुपारी फोडायला पाहुणे यायचे, त्याच्या दोन दिवस आधी निरोप आला. मुलीचा बाप अफू खातो असं कानावर आलंय, खरं निघालं तर सोयरीक मोडली समजा.

गेणूभाऊंनी अख्खी चाळ गोळा केली आणि सगळ्यांच्या देखत उरलेल्या गोळ्या गटारात टाकल्या.

‘अहो, डॉक्टरला विचारा तरी,’ मी म्हणालो.

‘त्याला काय विचारायचं? व्यसनी असतो तर सुटली असती का? सुटली का न्हाई, बघा.’

सुटून तेव्हा पाच मिनिटंही झाली नव्हती.

पाहुणे आले तेव्हा गेणूभाऊंचं नाक गळत होतं. अंगावर काटा, नवा सदरा घामानं चिंब, जांभयांवर जांभया. पाण्याचा तांब्या त्यांनी पुढं केला तो थेट मुलाच्या चुलत्याच्या धोतरावर. इतकी वर्षं गोळी खाऊन हा माणूस कधी अफूबाज दिसला नाही. सोडली आणि अट्टल दिसायला लागला.

चुलता कडक होता. ‘काय ओ, आज पण खाऊनच बसलात?’

‘न्हाई. आज खाल्ली न्हाई, म्हणून असं होतंय.’

याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं.

चुलत्यानं तंबाखू मळली, ओठात दाबली आणि व्यसनावर बोलायला सुरुवात केली. मुलाची आत्या तपकीर ओढून ‘खरंय बाई’ म्हणत होती. मुलाचा बाप चहाला उशीर झाला म्हणून डोकं धरून बसला होता. दारातून हौसा म्हणाली, ‘पाहुणं, तुमच्या तंबाखूची चिठ्ठी कुठल्या डॉक्टरनं दिली?’ मी डोळे वटारले. तिनं बघितलंच नाही.

तेवढ्यात पोटात कळ येऊन गेणूभाऊ आडवे झाले. मी सायकल काढली आणि डॉक्टरांना मागं बसवून आणलं. त्यांनी तपासलं आणि आधी गेणूभाऊंनाच झापलं. ‘एकदम सोडायला कुणी सांगितलं? शरीर सरावलंय. ही हळूहळू कमी करतात, माझ्या देखरेखीखाली.’

‘सरावलंय म्हणजे व्यसनच की,’ चुलता म्हणाला.

‘नाही. इतकी वर्षं घेतली तर तुमचंही शरीर सरावेल. व्यसनी माणूस गोळीच्या मागं धावतो, वाटोळं होताना दिसतं तरी थांबत नाही. कुणाकुणाला लागतं या गोळीचं तसं व्यसन, मी पाहिलंय. ह्यांनी कधी चिठ्ठीच्या वर मागितली नाही.’

चुलत्याला किती कळलं कोण जाणे. पण नवरा मुलगाच म्हणाला, ‘काका, थुंकून या आता. सुपारी फोडायचीय.’

सुपारी फुटली. गेणूभाऊंनी ती कुशीवर झोपून बघितली.

पुढं डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली. गेणूभाऊंनी ती कापायला वर्कशॉपातून हेक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत आणली. निम्मी गोळी भुकटी होऊन उडाली आणि ती कुठल्या अर्ध्यात धरायची यावर साक्षीदारांची जुंपली. गोळी कमी झाली, पण पुरती सुटली नाही. डॉक्टर म्हणाले, एवढी राहू द्या.

काही वर्षांनी हौसाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी दुखण्यावर तसल्याच गोळ्या लिहून दिल्या. ती घेईना. ‘लोक म्हणतील, हौसा अफूला लागली.’ कळ आली की उशी चावायची, पण पुडी उघडायची नाही. मी हात जोडले, ओरडलो. उपयोग शून्य.

एक दिवस गेणूभाऊ आले आणि तिच्या उशाशी जमिनीवर बसले.

‘वहिनी, मला भर बैठकीत अफूबाज म्हणाले. काय झालं? लोक बोलतात आणि घरी जातात. दुखणं त्यांच्याबरोबर जात न्हाई.’

‘भावजी, सगळ्यात जास्त तर मीच बोलत होते.’

‘व्हय. बरं वाटायचं. शकूची आई गेल्यापासनं माझी थट्टा करणारं कोण होतं दुसरं?’

हौसानं उशाखालची पुडी काढून उघडली. मग माझ्याकडं हात केला, पाण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून मी घरी आलो. गेणूभाऊ आमच्या उंबऱ्यावर बसले होते. गल्लीत भंगारवाला ओरडत येत होता, त्याला त्यांनी लांबूनच हात करून थांबवलं. मी चपला काढायला लागलो तर माझ्याही दंडाला धरलं.

‘हळू,’ म्हणाले. ‘झोपल्यात.’